व्हर्च्युअल लॅब हवीच, पण कुलूपबंद कपाटाच्या बदल्यात नको

लातूर हे आज परीक्षेचे शहर म्हणून ओळखले जाते. राजर्षी शाहू महाविद्यालयात डॉ. जनार्दन वाघमारे प्राचार्य असताना अभ्यासाची जी शिस्त बसवली गेली, तिच्यातून पुढे ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द रूढ झाला. नांदेड, बीड, परभणी, धाराशिवची मुले इथल्या ट्यूशन एरियात खोल्या भाड्याने घेऊन राहतात. त्यांत आपली मुले-मुलीही आहेत. औसा, उदगीर, निलंगा, अहमदपूरच्या कित्येक घरांत मुलीच्या नीटसाठी अम्मीच्या बांगड्या मोडल्या गेल्या आहेत. ही जिद्द कौतुकाची आहे, तिच्याविषयी शंका नाही.

पण या शहरात एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. डॉक्टर व्हायला निघालेल्या या मुलांनी बारावीपर्यंत स्वतःच्या हाताने किती प्रयोग केले? किती जणांनी कांद्याचा पापुद्रा काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला? किती जणींनी ब्युरेटची तोटी हळूहळू फिरवत रंग बदलण्याचा क्षण पकडला?

हा प्रश्न विचारला जात नाही, कारण त्याला गुण नाहीत. नीटचे ७२० गुण सगळेच्या सगळे पर्याय निवडण्याचे. बोर्डात बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत, दहावीच्या विज्ञानात २० आहेत. पण हे गुण अनेक ठिकाणी कसे पडतात, हे मागच्या वर्षीच्या जर्नलवरून आपले जर्नल उतरवणाऱ्या कोणालाही सांगायला नको. म्हणजे पैसे मोजणारा विद्यार्थीही प्रयोगाला मुकतो आणि मोहल्ल्यातल्या साध्या शाळेत जाणाराही मुकतो. फरक इतकाच की पहिल्याला निदान तयार उत्तरे मिळतात. दुसऱ्याला उत्तरही नाही आणि प्रयोगही नाही.

या दुसऱ्या मुलासाठी आता एक उपाय पुढे आला आहे: व्हर्च्युअल लॅब. संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर प्रयोग करायचा. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तिचा उल्लेख आहे. २०२२च्या केंद्रीय अर्थसंकल्पात विज्ञान आणि गणितासाठी ७५० व्हर्च्युअल लॅब उभारण्याची घोषणा झाली. साधने नसलेल्या शाळांना हा मोठा दिलासा आहे, असे सांगितले जाते. माझे म्हणणे असे: हा दिलासा खरा आहे, आपण तो घेतला पाहिजे. मात्र तो कोणत्या अटीवर घ्यायचा हे आपण आत्ताच ठरवले नाही, तर गरीब शाळेतले मूल प्रयोगशाळेच्या हक्काला कायमचे मुकेल.

आधी चांगली बाजू नीट समजून घेऊ. अमृता विश्व विद्यापीठम् आणि मुंबईच्या सी-डॅक या संस्थांनी केंद्र सरकारच्या मदतीने नववी ते बारावीसाठी ‘ओलॅब्ज’ तयार केली. ती मोफत आहे आणि तिच्यातला मजकूर मराठीतही आहे. लंबक, ओहमचा नियम, आम्ल-अल्कली अनुमापन असे नेहमीचे प्रयोग तिच्यात आहेत. दुसरे नाव ‘फेट’चे. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली अमेरिकेच्या कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. त्याचे प्रयोग अनेक भाषांत आहेत, मराठीतही आहेत. महत्त्वाचे म्हणजे ते एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालतात. पेन ड्राइव्हवर घालून औशाहून खेड्यातल्या शाळेत नेता येतात.

पडदा काही गोष्टी खऱ्या प्रयोगशाळेपेक्षा चांगल्या दाखवतो, हेही मान्य केले पाहिजे. तारेतून वीज वाहते म्हणजे काय होते ते डोळ्यांना दिसत नाही. पडद्यावर इलेक्ट्रॉन सरकताना दाखवता येतात. २००५ साली कोलोरॅडो विद्यापीठातल्या अभ्यासात असे आढळले की फेटवर विद्युत परिपथ शिकलेले महाविद्यालयीन विद्यार्थी संकल्पनांच्या प्रश्नांत तर पुढे होतेच, पण नंतर खऱ्या तारा-बल्ब जोडतानाही खऱ्या साहित्यावर शिकलेल्यांच्या पुढे होते. आपल्या जिल्ह्यातले उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि हजारो माणसे गेली. जमिनीतून लाटा कशा येतात, आधी कोणती पोहोचते, मातीत रचलेल्या दगडी भिंती का कोसळतात, हे शिकवायला वर्गात भूकंप आणता येत नाही. तिथे पडदाच हवा. विषारी वायू, तीव्र आम्ले, अणूची रचना, ग्रहांच्या कक्षा, या सगळ्यांसाठी पडदा उपयोगाचा आहे.

मग अडचण कुठे आहे? एक साधा प्रयोग घेऊन पाहू. एक मीटर दोऱ्याला नट बांधा आणि झुलवा. दहा झोके पूर्ण व्हायला सुमारे २० सेकंद लागतात. दोरा पाव मीटर केला तर सुमारे १०. आता नट दुप्पट वजनाचा घ्या. वर्गातली बहुतेक मुले म्हणतील, जड वस्तू जास्त वेगाने झुलेल. मोजल्यावर कळते की काहीच फरक पडत नाही. पडद्यावरही हेच उत्तर येते. पण हातात दोरा असतो तेव्हा एका मुलीचे उत्तर १९.४ येते, दुसरीचे २०.७, तिसरीने एक झोका मोजायचा सोडला म्हणून २२ येते. मग भांडण होते. कोणाचे बरोबर? पुन्हा मोजू. तू घड्याळ उशिरा दाबलेस. दहाऐवजी तीस झोके मोजले तर चूक कमी होईल का? विज्ञान शिकायचे ते या भांडणात. मोजमापात चूक असते, ती कमी करता येते आणि शेवटचा शब्द सरांचा किंवा पुस्तकाचा नसतो, हे मुलांना इथे कळते. पडद्यावरचा लंबक मात्र प्रयोग तयार करणाऱ्याने सांगितले तसाच हलतो. सूत्र आधीच आत घातलेले असते. तो निसर्गाला प्रश्न विचारत नाही, पुस्तकातले उत्तर चित्रात दाखवतो.

दुसरा प्रयोग पाण्याचा. पाण्याचे मोल लातूरला कोणी सांगायला नको. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. एरवी शहर मांजरा धरणाच्या पाण्यावर आणि बोअरच्या पाण्यावर जगते. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे घरातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. एकाच मापाच्या तीन बाटल्या घ्या. एकीत घरच्या बोअरचे पाणी, दुसरीत नळाचे, तिसरीत विकतच्या जारचे. प्रत्येकीत साबणाच्या पाण्याचे सारखेच थेंब टाका, दहा वेळा हलवा आणि फेसाची उंची पट्टीने मोजा. बोअरचे पाणी उकळून, गार करून पुन्हा तपासा. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार म्हणजे काय, हे मुलाला मग पाठ करावे लागत नाही. पडद्यावर असा प्रयोग करता येईल, पण त्यातले पाणी सगळ्या देशासाठी एकच असेल. तुमच्या गल्लीतल्या बोअरचे पाणी तुम्हालाच आणावे लागेल.

ही केवळ माझी आवड-निवड नाही. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तीन अभ्यासकांनी खऱ्या आणि आभासी प्रयोगशाळांवर झालेल्या संशोधनाचा आढावा घेतला. दोन्हींची बलस्थाने वेगळी आहेत आणि दोन्हींचा विचारपूर्वक मेळ घातला तर विद्यार्थ्यांना अधिक फायदा होतो, असे त्यांनी दाखवले. म्हणजे ‘पडदा की प्रयोगशाळा’ असा निवडीचा प्रश्न शिक्षणशास्त्राने विचारलेला नाही. तो खर्च वाचवू पाहणारे विचारतात. आणि विचारतात तेही फक्त गरिबांच्या शाळांना. महागड्या शाळेत दोन्ही असते. तिथल्या पालकांना कोणी सांगत नाही की आता संगणक आला, प्रयोगशाळा बंद करू.

आपल्याकडे हा धोका जास्त का आहे, तेही पाहू. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते आठवीच्या शाळेत काय असले पाहिजे याची यादी आहे. वर्गखोल्या, स्वच्छतागृह, पाणी, स्वयंपाकघर, मैदान, ग्रंथालय, खेळाचे साहित्य. प्रयोगशाळा त्या यादीत नाही. ‘अध्ययन-अध्यापन साहित्य’ या मोघम शब्दांत काय ते समजून घ्यायचे. आपल्या अनेक मुलींचे शिक्षण गावातल्या शाळेची शेवटची इयत्ता संपली की संपते. त्या मुलीने आयुष्यात एकदाही परीक्षानळी हातात धरलेली नसते आणि कायद्याच्या दृष्टीने कोणाचेही काही चुकलेले नसते.

पुढे माध्यमिक शाळेत कपाट असते, पण त्याला कुलूप असते. त्याचे कारण शिक्षकांचा आळस एवढेच नाही. साहित्य जडसंग्रह नोंदवहीत चढलेले असते. भिंग फुटले, ब्युरेट तुटले की ते नोंदवहीतून कमी करण्याचा व्याप शिक्षकाच्या मागे लागतो. प्रयोगशाळा सहायकाचे पद अनेक शाळांत नसते किंवा भरलेले नसते. एकाच शिक्षकाकडे विज्ञान, गणित आणि वरून सरकारी सर्वेक्षणे. अशा शिक्षकाला पडद्यावरचा प्रयोग मिळाला तर तो कपाट कशाला उघडेल? त्याच्या जागी आपण असतो तरी कदाचित हेच केले असते. म्हणून शिक्षकाला दोष देऊन भागणार नाही. वापरताना साहित्य फुटणे हा गुन्हा नाही, असे वरून लेखी सांगितले गेले तरच ती कुलपे उघडतील.

आता मुलींचा प्रश्न. ‘प्रयोगशाळा आता प्रत्येकाच्या खिशात’ असे म्हणतात, तेव्हा तो खिसा कोणाचा? असर संस्थेने २०२३ साली १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींची पाहणी केली. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, मुलींत हे प्रमाण १९.८ टक्के. आपल्या मोहल्ल्यात परिस्थिती वेगळी आहे असे छातीवर हात ठेवून कोणी म्हणू शकेल का? घरातला फोन अब्बांबरोबर दुकानावर जातो, संध्याकाळी भावाकडे असतो. बहिणीच्या हातात रात्री तो आला, तर ‘इतका वेळ काय पाहतेस’ हा प्रश्न पाठोपाठ येतो. करोनाच्या काळात शाळा फोनवर गेली तेव्हा हे आपण घरोघरी पाहिले आहे. म्हणून माझी पहिली अट ही: व्हर्च्युअल लॅब शाळेत असली पाहिजे, शाळेच्या वेळेत, शाळेच्या पडद्यावर. घरच्या फोनवर ढकललेली लॅब म्हणजे मुलींना वगळून चालवलेली लॅब. तीच गोष्ट विजेची. बिल थकले म्हणून शाळेची वीज तोडल्याच्या बातम्या मराठवाड्याला नव्या नाहीत. वीज नसलेल्या शाळेला व्हर्च्युअल लॅब देणे म्हणजे विहीर नसलेल्याला मोट देणे.

आपल्या जलशांत, व्याख्यानांत इब्न अल-हैसमचे नाव अभिमानाने घेतले जाते. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत राहिलेल्या या विद्वानाने हजार वर्षांपूर्वी ‘किताब अल-मनाझिर’ लिहिले. अभिमान ठीक आहे, पण त्याने नेमके काय केले? डोळ्यांतून किरण बाहेर पडतात म्हणून आपल्याला दिसते, असे मोठमोठे ग्रीक विद्वान मानत आले होते. इब्न अल-हैसमने त्यांच्या नावाला भुलून ते मान्य केले नाही. त्याने अंधारी खोली घेतली, तिला एक भोक ठेवले आणि भोकासमोर वेगवेगळ्या जागी दिवे लावले. आत भिंतीवर प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडला. एक दिवा झाकला की फक्त त्याचाच ठिपका गेला. प्रकाश सरळ रेषेत येतो, भोकातून जाताना एकमेकांत मिसळत नाही, हे त्याने असे दाखवले. या प्रयोगाला लागले काय? खोली, भोक आणि दिवे.

पत्र्याची शाळा असेल तर भोकही पाडावे लागत नाही. खिळ्याच्या भोकातून फरशीवर उन्हाचे जे गोल ठिपके पडतात ती सूर्याची प्रतिमा असते. भोक वेडेवाकडे असले तरी ठिपका गोलच पडतो आणि ग्रहणाच्या दिवशी तो कोरीसारखा होतो. गळक्या पत्र्याखाली बसून ज्या मुलाला हे कोणी दाखवले नाही, त्याच्यासमोर इब्न अल-हैसमचे पोस्टर लावून काय उपयोग? त्या विद्वानाचा वारसा चालवायचा तर ‘मोठ्यांनी सांगितले, तरी तपासून पाहू’ ही सवय मुलांना लावली पाहिजे. ती सवय हाताने लागते.

भाषेचा मुद्दाही आपल्या इतिहासातला आहे. मराठवाडा १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९१७ साली हैदराबादेत अनुवादाचे सरकारी खाते, दार-उत-तर्जुमा, सुरू झाले. पुढच्या वर्षी उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि तिथे विज्ञान, वैद्यक, अभियांत्रिकी उर्दूतून शिकवले जाऊ लागले. त्यासाठी आधी पुस्तके भाषांतरित केली गेली, परिभाषा घडवली गेली. आजच्या साधनांत हे काम आणखी सोपे आहे. फेटचे प्रयोग कोणत्याही भाषेत आणण्यासाठी स्वयंसेवकांना त्यांच्या भाषांतराच्या साधनावर काम करता येते. मराठी आणि उर्दू दोन्ही जाणणारे तरुण आपल्याकडे जितके आहेत तितके क्वचितच कुठे असतील. आपल्या मुलांना प्रयोग त्यांच्या भाषेत मिळावेत यासाठी सरकारची वाट पाहण्याची गरज नाही.

मग करायचे काय?

पहिले, क्रम ठरवायचा. आधी अंदाज वहीत लिहायचा, मग हाताने प्रयोग, मग पडदा, आणि पडद्यावर जे कळले ते पुन्हा हाताने तपासायचे. जे हाताने होऊ शकते ते पडद्यावर उरकायचे नाही. लंबक, भिंग, चुंबक, सेल आणि बल्ब, हळदीच्या कागदावर चुन्याची निवळी टाकली की येणारा लाल रंग, या सगळ्याला फारसा खर्च नाही. अरविंद गुप्तांनी पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी-प्रयोग उभे केले आणि ते सगळ्यांसाठी खुले ठेवले. शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबादच्या १६ शाळांत स्वस्त साहित्याच्या पेट्यांवर प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. तो कार्यक्रम पसरला आणि तीस वर्षे चालला. २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला. यातून दोन गोष्टी शिकायच्या: साध्या सरकारी शाळेत हाताने विज्ञान शिकवता येते, आणि ते टिकवायला पालकांचा रेटा लागतो.

दुसरे, हा रेटा जिथे लावता येतो ती जागा वापरायची. प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. समितीच्या सभेत एवढेच विचारा: या वर्षी मुलांनी स्वतः किती प्रयोग केले? माध्यमिक शाळेत शिक्षक-पालक संघात विचारा: कपाट शेवटचे कधी उघडले? आरडाओरडा न करता, दर सभेत, इतिवृत्तात नोंद होईल असे विचारा. शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल आणि ७० टक्के विद्यार्थी अल्पसंख्याक असतील, तर पायाभूत सुविधांसाठी अल्पसंख्याक विकास विभागाचे अनुदान आहे. आपल्या संस्थाचालकांना विचारा की त्यांनी प्रयोगशाळेसाठी कधी अर्ज केला. सरकारला जाब विचारायचा आणि आपल्या माणसांना सोडून द्यायचे, हे बरे नाही.

तिसरे, आपला वेळ द्यायचा. लातूरच्या मेडिकल, इंजिनीअरिंग, फार्मसी कॉलेजांत आपली मुले-मुली शिकत आहेत. दोघांनी मिळून महिन्यातून एका रविवारी एका शाळेत किंवा मोहल्ल्याच्या वाचनालयात दोन तास प्रयोग घ्यावेत. पिशवीत दोरा, नट, भिंग, सेल, साबण आणि पेन ड्राइव्ह. मुलींसाठी मुलींनी जावे, म्हणजे घरून परवानगीचा अडथळा कमी होतो. ज्या मदरशांत विज्ञान शिकवले जाते तिथेही जावे. अशा ठिकाणी व्हर्च्युअल लॅब खूप काही देऊ शकते, कारण तिथे तर कपाटही नाही. पण तिथेही सुरुवात दोऱ्याने आणि नटाने करावी.

‘नीटला हे येत नाही, मग वेळ का घालवायचा?’ असा प्रश्न नक्की येईल. त्यात तथ्य आहे. एका जागेवर घराचे नशीब टांगलेले असते तेव्हा पालकाला विज्ञानाचा आनंद सांगणे सोपे नाही. पण नीटला बसणाऱ्यांतल्या बहुतेकांना सरकारी जागा मिळत नाही, हेही आपण दरवर्षी पाहतो. त्या मुलाकडे मग काय उरते? पाठ केलेली उत्तरे पुढच्या वर्षी विसरतात. मोजायची, तपासायची, चूक शोधायची सवय मात्र इलेक्ट्रिशियनला लागते, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणाऱ्या मुलीला लागते, सोयाबीनची पेरणी ठरवणाऱ्या शेतकऱ्याला लागते. व्हॉट्सॲपवर आलेला नुस्खा किंवा अफवा पुढे पाठवण्याआधी थांबणाऱ्या नागरिकालाही तीच सवय लागते. आपल्या समाजाविषयी रोज काहीतरी खोटे पसरवले जाते अशी आपली तक्रार असते आणि ती खरी आहे. पुरावा मागण्याची सवय आपल्या मुलांना असेल, तर ती मुले खोट्याला बळी पडणार नाहीत आणि स्वतःही खोटे पसरवणार नाहीत.

व्हर्च्युअल लॅब शाळेत येऊ द्या. तिचे स्वागत करा, तिचे भाषांतर करा, ती पेन ड्राइव्हवर घालून गावोगाव न्या. पण ती ज्या दिवशी शाळेत लागेल, त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे कपाटाची किल्लीही मागा.